धंदा एकाच्या नावावर, मिळकत दोघांची

वाचकांच्या पत्रांतून या अंकासाठी चार पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली असून पत्रांचा मजकूर संक्षेपाने दिला आहे.

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील एका गावात राहते. घरच्या आणि शेजाऱ्यांच्या कुळागरातील (बागायतीतील) भिरंडांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सोले व आगळ (खारवलेला रस), तसेच हंगामात फणसाचे पापड करून विकते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसते, काही माल दुकानांत ठेवते. वर्षाची विक्री नऊ लाखांच्या घरात जाते आणि खर्च वजा जाता तीन लाख साठ हजार रुपये उरतात. यजमान सरकारी खात्यात असून त्यांचा वार्षिक पगार १२ लाख ४० हजार आहे. धंदा माझ्या एकटीच्या नावावर असल्यामुळे कराची चिंता नाही, असे सगळे सांगतात. सावंतवाडीचा एक दुकानदार नियमित माल मागतो आहे. मुद्रा कर्ज काढून धंदा वाढवावा का?

उत्तर : कराची चिंता नाही असे सांगणारे लोक बहुधा गोव्याबाहेरच्या सल्ल्यावर विसंबून बोलत असावेत. आपल्या विवाहाआधी मालमत्तेच्या विभक्ततेचा नोंदणीकृत करार झाला नसेल, तर गोव्यातील नागरी संहितेनुसार पती-पत्नीची संपत्ती समाईक मानली जाते आणि आयकर कायदाही तिची दखल घेतो. १९६१ च्या कायद्यातील कलम ५अ नुसार अशा दांपत्याचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न, मग ते धंद्याचे असो, भाड्याचे असो वा व्याजाचे, निम्मे पतीच्या आणि निम्मे पत्नीच्या उत्पन्नात धरले जाते; पगार मात्र ज्याचा त्याच्याकडेच राहतो. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद कायम ठेवण्यात आली आहे. धंद्याचा परवाना कोणाच्या नावावर आहे याला येथे महत्त्व नाही.

याचा आपल्या घरावर काय परिणाम होतो ते आकड्यांत पाहू. यजमानांच्या पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की ११ लाख ६५ हजार उरतात, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलत असल्याने त्यांना आज काहीच भरावे लागत नाही. आपल्या नफ्याचा निम्मा हिस्सा, म्हणजे एक लाख ८० हजार, त्यात मिळवला की बेरीज १३ लाख ४५ हजार होते, सवलत हातची जाते आणि उपकरासह ८५ हजार २० रुपये कर बसतो. हाच नियम दुसऱ्या घरात उलटा लाभतो. पतीचा १६ लाख नफ्याचा धंदा आहे आणि पत्नीला दुसरे उत्पन्न नाही अशा घरात प्रत्येकाच्या वाट्याला आठ लाख येतात आणि दोघांनाही कर लागत नाही. एकट्यावर तो सव्वा लाखाच्या आसपास बसला असता. नियम आपल्या सोयीचा असेल तेव्हाच पाळायचा, असे मात्र करता येत नाही.

लहान व्यापाऱ्यांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. तीत पूर्ण हिशेबवह्या न ठेवता रोख विक्रीवर किमान आठ टक्के आणि बँकेतून वा यूपीआयवरून आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के नफा दाखवता येतो. त्या आधारे आपला नफा ७२ हजारांपर्यंत खाली दाखवण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. प्रत्यक्षात त्याच्या पाचपट मिळवत असताना किमान आकडा लिहावा का, हे सनदी लेखापालांशी बोलून ठरवावे. मी त्याच्या बाजूचा नाही. त्याचे एक कारण व्यवहाराचे आहे. कर्ज मागायला गेल्यावर बँक विवरणपत्रातील नफाच पाहणार, आणि वर्षाला ७२ हजार मिळवणाऱ्या धंद्याला ती किती कर्ज देईल याचा अंदाज आपणच करावा.

यजमानांना यापुढे ‘सहज’ हा सोपा फॉर्म भरता येणार नाही, कारण कलम ५अ खालील वाटणी दाखवण्याची सोय त्यात नाही. दोघांनीही वाटणीचे परिशिष्ट असलेला फॉर्म भरावा. वर्षअखेरीस एकदम बोजा पडू नये म्हणून यजमानांनी हे जादा उत्पन्न आपल्या खात्याच्या लेखा विभागाला कळवावे, म्हणजे कर पगारातूनच थोडा थोडा कापला जाईल.

आता सावंतवाडीविषयी. गोव्याच्या आत माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा म्हापशाच्या बाजारापुरत्या आपण निर्धास्त आहात. पत्रादेवीचा नाका ओलांडून माल महाराष्ट्रात पाठवला की तो आंतरराज्य पुरवठा होतो आणि त्यासाठी पहिल्या खोक्यापासून नोंदणी सक्तीची आहे. उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची, कमी कटकटीची कंपोझिशन योजनाही अशा विक्रीला चालत नाही. नोंदणी केली की दर महिन्याला वा तिमाहीला विवरणपत्र भरण्याचे काम मागे लागते. एका दुकानदारासाठी हे सारे अंगावर घ्यावे का? त्याची मागणी वर्षाला लाखभर रुपयांची असेल तर मी थांबेन, तीन-चार लाखांची असेल तर नोंदणी करीन. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी केली नसल्यास ती आधी करावी. छोट्या उत्पादकाला तिचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये आहे. तिचा १४ अंकी क्रमांक, घटकपदार्थ, निव्वळ वजन किंवा माप, उत्पादनाची तारीख, कमाल किरकोळ किंमत आणि आपला पत्ता लेबलवर असल्याशिवाय बाटली दुकानात ठेवू नये.

आपण पत्रासोबत पाठवलेला आगळाचा हिशेब पाहिला. भिरंडे, मीठ, बाटली आणि लेबल मिळून ९५ रुपये खर्च, १५० रुपये किंमत, म्हणून ५५ रुपये नफा असे आपण धरले आहे. बाजारात स्वतः बसून विकलेल्या बाटलीपुरते ते ठीक आहे. दुकानदाराला मात्र आपण २० टक्के देता, म्हणजे ३० रुपये तेथेच जातात आणि हाती २५ उरतात. त्यातूनच पोहोचवण्याचे भाडे, गळक्या बाटल्या आणि मदतीला येणाऱ्या बाईंची मजुरी निघायची आहे. आपल्या स्वतःच्या श्रमाचा तर या हिशेबात कोठे उल्लेखच नाही. दुकानांतील विक्री वाढवण्यापूर्वी किंमत वाढवावी लागेल, किंवा दुकानांसाठी लहान बाटली काढून तिचा दर वेगळा बसवावा लागेल.

कर्ज काढण्यास हरकत नाही, फक्त ते कशासाठी हवे हे स्पष्ट करावे. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशू आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंत किशोर गटात विनातारण कर्ज मिळते. यंत्रासाठी मुदत कर्ज घ्यावे, कारण यंत्र वर्षानुवर्षे चालते. भिरंडे मात्र एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस पडण्याआधी एकदमच घ्यावी लागतात आणि त्यांचे पैसे पुढे वर्षभर हळूहळू सुटतात. या खरेदीसाठी कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तशी उचल करून परत भरण्याच्या कर्जाची, मर्यादा मागावी. जितकी उचल तितकेच व्याज पडते. बँक बहुधा यजमानांची सहीही मागेल, आणि मालमत्ता समाईक असताना संसारासाठी काढलेल्या कर्जाचा भार तिच्यावर येऊ शकतो, म्हणून सही करण्यापूर्वी दोघांनीही कागद वाचावा.

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे. निवृत्तीच्या रकमेपैकी नऊ लाख रुपये एका नागरी सहकारी बँकेच्या दोन शाखांत ठेवले आहेत. आता ओळखीचे एक गृहस्थ पतसंस्थेत दीड टक्का जास्त व्याज मिळते म्हणून तेथे पैसे ठेवण्याचा आग्रह करतात. दोन्ही सहकारीच असल्यामुळे सुरक्षितता सारखीच, असे त्यांचे म्हणणे आहे.

उत्तर : गुरुजी, ते म्हणणे चुकीचे आहे. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. एका बँकेत एका ठेवीदाराची मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतची रक्कम त्यात येते. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण एका रुपयाचेही नाही. पतसंस्था राज्याच्या सहकारी संस्था कायद्याखाली निबंधकाकडे नोंदलेली असते आणि रिझर्व्ह बँक तिच्यावर देखरेख करीत नाही. काही पतसंस्था उत्तम चालतात हे खरे, पण जादा दीड टक्का हा त्या धोक्याचा मोबदला असतो आणि निवृत्तीच्या पैशाला तो परवडत नाही.

दोन शाखांत पैसे विभागल्याने काही साधत नाही, कारण विम्यासाठी एका बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरल्या जातात. आपले चार लाख आज विम्याबाहेर आहेत. हा धोका गोव्याला पुस्तकी वाटू नये : म्हापसा अर्बन बँकेचा परवाना २०२० साली आणि मडगाव अर्बन बँकेचा २०२१ साली रिझर्व्ह बँकेने रद्द केला. पाच लाखांच्या आतील ठेवीदारांना विम्यामुळे पैसे मिळण्याचा मार्ग होता. त्यावरची रक्कम बँकेची मालमत्ता विकून काय हाती येते यावर अवलंबून राहिली.

आपण जास्तीची रक्कम टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हलवावी. तीत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला हाती येते आणि खाते उघडण्याच्या दिवशीचा दर पाच वर्षांच्या मुदतीत बदलत नाही. मुदतपूर्व ठेव मोडण्याचा दंड किती ते बँकेत विचारून घ्यावे. ठेवीची मुदत जवळ आली असेल तर तेवढे थांबणे शहाणपणाचे. वरच्या पत्रातील वाटणीचा नियम आपल्यालाही लागू आहे. निवृत्तिवेतन आपले एकट्याचे, व्याज मात्र पत्नीच्या नावेही निम्मे धरायचे, आणि कापलेल्या कराचे श्रेयही त्याच प्रमाणात वाटायचे.

प्रश्न : मी पेडण्याचा, वय २३, हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेतली आहे. क्रूझ जहाजावर नोकरी देतो असे सांगून एक एजंट दोन लाख रुपये मागतो. बाबा सोने गहाण ठेवायला तयार आहेत. आठ महिन्यांचे कंत्राट असले की पगारावर कर लागत नाही, असेही तो म्हणतो.

उत्तर : सोने घरातच राहू द्या. जहाजावर माणसे भरणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (भरती व नियुक्ती सेवेचा) परवाना असावा लागतो आणि नोकरी लावण्यासाठी तारवटीकडून (जहाजावरील कामगाराकडून) शुल्क घेण्यास तिला मनाई आहे. पासपोर्ट, सीडीसी (जहाजावरील नोकरीचे नोंदपुस्तक), वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सुरक्षा प्रशिक्षणाचा खर्च तुम्हाला करावा लागेल, पण तो तुम्ही थेट त्या त्या ठिकाणी भरायचा आणि पावती घ्यायची. एजंटाकडे परवान्याचा क्रमांक मागा आणि महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तो आजही वैध आहे का ते पाहा. क्रमांक सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण नाही.

कराचे त्याचे म्हणणे अर्धवट आहे. कंत्राट किती महिन्यांचे यावर काही ठरत नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होता यावर ठरते. परदेशी नोकरीवर गेलेल्या भारतीय नागरिकाचा हा मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी भरला तर तो अनिवासी ठरतो. समजा, तुम्ही २० ऑक्टोबरला निघालात आणि १० जूनला परतलात. बाहेरचे दिवस जवळजवळ आठ महिन्यांचे, पण ३१ मार्चपर्यंत त्यांतले सुमारे १६३ च भरतात आणि उरलेले ७१ पुढच्या वर्षात जातात. पहिल्या वर्षी तुम्ही निवासी ठरता, म्हणजे जहाजावरचा पगारही भारतात करपात्र होतो. पुढच्या वर्षी लवकर दुसरे कंत्राट मिळाले नाही तर तेव्हाही तीच गत. म्हणून जाण्याची तारीख आपल्या हातात असेल तेव्हा दिवस मोजूनच होकार द्यावा आणि पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

अनिवासी ठरल्यास पगार एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांच्या बँक खात्यात) घ्यावा; परदेशगामी जहाजावर बाहेर केलेल्या कामाचा पगार केवळ त्या खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. दोन कंत्राटांमधील महिन्यांत बहुधा पगार नसतो आणि भविष्य निर्वाह निधीही तुम्हाला मिळेलच असे नाही. पहिल्या कंत्राटातून घरचा सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत दुचाकी सोडून चारचाकीचा विचार करू नये, एवढे वडीलकीने सांगतो. चवथीला घरी आलेल्या तारवट्यांना गाड्यांचे विक्रेते बरोबर गाठतात.

प्रश्न : वाळपईत माझे शिवणकामाचे लहान दुकान आहे. उद्यम नोंदणीसाठी एका संकेतस्थळाने २,४९९ रुपये मागितले. भरावेत का?

उत्तर : भरू नयेत. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी, केंद्र सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य होते, आधार आणि पॅन क्रमांक पुरेसे असतात आणि प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची गरज पडत नाही. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे ना, एवढे पाहूनच आधार क्रमांक टाकावा. पैसे आधीच गेले असतील आणि त्या संकेतस्थळाला ओटीपीही दिला असेल, तर आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून बँकेलाही कळवावे.