पहिली ढाबळ बांधताना

ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर, बांधायचं ठरवलंस, फार बरं वाटलं! पण लगेच नक्षीकामात शिरू नकोस. जुन्या ढाबळी कामासाठी होत्या. इराणात इस्फहानभोवतीचे कबुतरांचे मनोरे मळ्यांना विष्ठेचं खत मिळावं म्हणून उभारले गेले.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- जागा कोरडी हवी. ओल आली की आजार आलेच.
- प्रत्येक जोडीला घरट्यासाठी दोन खण दे. मादी दोन अंडी घालते, साधारण १८ दिवसांत पिल्लं निघतात, आणि पिल्लं उडायला लागण्याआधीच मादी पुन्हा अंड्यावर बसते. एकाच खणात मग चेंगराचेंगरी होते.
- तीन-चार जोड्या पुरेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विकत आणलेली मोठी कबुतरं घाईने सोडणं. मी तेच केलं होतं. सगळी जुन्या घरी परतली. स्वतः दाणे टिपायला नुकतीच शिकलेली पिल्लं आण, ती तुझ्या ढाबळीलाच घर मानतील.

आणि विष्ठा कोरडी झाडू नकोस. आधी पाणी शिंपड, तोंडाला मास्क लाव.