ज्युपिटर नोटबुकमध्ये डोके आणि मेंदूची त्रिमितीय आकृती फिरवून कशी पाहता येईल?

आपली अडचण अशी दिसते की आकृती नोटबुकच्या कक्षात (सेलमध्ये) न उमटता वेगळ्या खिडकीत उघडते आणि दूरच्या सर्व्हरवर तर मुळीच उघडत नाही. ईईजी किंवा एमईजीचा (मेंदूच्या विद्युत किंवा चुंबकीय संकेतांचा) डेटा असेल तर त्यासाठीची एमएनई-पायथन ही लायब्ररी वापरावी आणि चित्र काढण्यापूर्वी त्रिमितीय बॅकएंड, म्हणजे चित्र काढणारी यंत्रणा, ‘नोटबुक’ असा ठरवावा. म्हणजे पायव्हिस्टा या त्रिमितीय चित्रणाच्या लायब्ररीच्या आधारे आकृती कक्षातच येते व माऊसने फिरवता येते. स्क्रीन नसलेल्या लिनक्स सर्व्हरवर एक्सव्हीएफबीसारखा आभासी डिस्प्ले लागू शकतो.

मेंदूचे नकाशे दाखवण्यापूर्वी एमएनईच्या ‘प्लॉट अलाइनमेंट’ या फंक्शनने डोक्याची त्वचा आणि इलेक्ट्रोड एकत्र पाहावेत, असा माझा आग्रह आहे. कानामागचा इलेक्ट्रोड त्वचेत रुतलेला किंवा हवेत तरंगताना दिसला, तर डोक्याच्या आणि एमआरआयच्या निर्देशांकांची (कोऑर्डिनेट्सची) सांगड चुकली आहे, आणि पुढचे स्रोत-विश्लेषण (संकेत मेंदूत कुठून आले याचा शोध) कितीही देखणे दिसले तरी त्यावर विसंबता येत नाही. एमएनई स्थाने मीटरमध्ये धरते, त्यामुळे मिलिमीटरमधील आकडे तसेच दिले तर ती हजारपट लांब जातात.

एफएमआरआयचा (मेंदूची सक्रियता दाखवणाऱ्या एमआरआयचा) नकाशा असेल तर नायलर्न या पायथन लायब्ररीचे ‘व्ह्यू इमेज ऑन सर्फ’ हे फंक्शन पुरेसे आहे. ते प्रत्येक गोलार्धासाठी १०,२४२ बिंदूंचा एफएसअ‍ॅव्हरेज५ हा मेंदूचा सरासरी नमुना-पृष्ठभाग घेते, आणि तयार झालेली एचटीएमएल फाइल, पायथन नसलेल्या सहकाऱ्यालाही ब्राउझरमध्ये फिरवून पाहता येते.