शिट्टीनंतर घाई नको

बास्केटबॉलचा पंच म्हणून फाउल दिसला की शिट्टी आणि मूठ आवळून हात सरळ वर. पंजा उघडा राहिला तर टेबलाला, म्हणजे गुण-फाउलची नोंद ठेवणाऱ्यांना, व्हायोलेशन (फाउल नसलेला नियमभंग) वाटेल. मग टेबलाला नीट दिसशील अशा जागी जाऊन थांब. चालता चालता केलेले इशारे कुणालाच कळत नाहीत.

आधी खेळाडूचा नंबर, मग फाउलचा प्रकार, शेवटी फ्री थ्रो किंवा खेळाची दिशा. नवख्यांची तारांबळ नंबरातच उडते. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, पद्धतीत २४ दाखवताना आधी हाताची मागची बाजू टेबलाकडे करून दोन, मग तळवा समोर करून चार. सोबत तोंडानेही सांग, मोठ्याने. ब्लॉकिंगला (अंगाने वाट अडवली तर) दोन्ही हात कमरेवर, होल्डिंगला (धरून ठेवलं तर) आपलंच मनगट धरायचं. बाकीचे आरशासमोर बसवून घे. खेळाडू हुज्जत घालायला आला तरी नंबर टिपला जाईपर्यंत टेबलावरची नजर हलवू नकोस.