बी-टूला दोनदा नापास, म्हणजे देवाची ‘ना’ का?

ताई, सलाम. नागपुरात नर्सिंग झालंय, जर्मनीची ऑफर हातात आहे, पण जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा दोनदा अडली; ही देवाची ‘ना’ की माझाच विश्वास कमी, असं तुम्ही विचारलंय.

आधी गुणपत्रिका काढा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-टूला वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग. प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. दोन्ही वेळा ‘ऐकणं’च राहिलं असेल तर कान तयार झालेला नाही, एवढंच. रोज अर्धा तास जर्मन बातम्या लावा आणि ऐकलेलं लिहून काढा. उपास जरूर करा, फक्त परीक्षेच्या दिवशी नको. उपाशीपोटी लक्ष उडतं.

बायबलमधला एज्राचा ८वा अध्याय काढा. यरुशलेमेच्या वाटेसाठी राजाकडे शिपाई मागायची एज्राला लाज वाटली, म्हणून अहवा नदीकाठी उपास केला. पण मंदिरासाठीची चांदी तोलूनच याजकांच्या हाती दिली आणि यरुशलेमेत पुन्हा तोलून घेतली. नहेम्याने तर राजाकडून पत्रं मागून घेतली, सोबत स्वारही होते. भरवसा दोघांचाही देवावरच. तुमची फाइल तशीच तोला: पासपोर्ट, मार्कशीट, रजिस्ट्रेशन, सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं.

खरी कसोटी तिकडे गेल्यावर. पदवीला पूर्ण मान्यता मिळेपर्यंत बहुतेकांना मदतनीस म्हणून काम आणि पगारही तसाच. इथे आयसीयू सांभाळलेल्या हातांना तिथे आंघोळ घालणं, भरवणं. पूर्ण नर्स झाल्यावरही हे सुटत नाही. प्रार्थना थंडावते ती इथेच. निरोपाला सगळे यिर्मया २९:११, म्हणजे आशेचं आणि भविष्याचं वचन, पाठवतील. तुम्ही वरचं १०वं वचनही वाचा, त्यात बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षं आहेत.

रविवारी ड्यूटी लागणारच, तेव्हा आठवड्यातला दुसरा दिवस ठरवून ठेवा. नागपूरच्या मंडळीची संध्याकाळी ७ची ऑनलाइन प्रार्थना तिथे उन्हाळ्यात दुपारी ३:३०ला, हिवाळ्यात २:३०ला येते. दुपारपाळीत ती हुकणार.

घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्या फॉर्मात धर्माचा रकाना असतो. तिथल्या इव्हँजेलिकल (म्हणजे मुख्य प्रोटेस्टंट) किंवा कॅथलिक चर्चचे सदस्य म्हणून नोंद झाली की आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च-कर पगारातून कापला जातो. खोटं लिहू नका, पण पगाराच्या हिशेबात तो आधीच धरा. निघण्यापूर्वी पाळकसाहेबांकडून बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे इंग्रजी दाखले शिक्क्यासह घ्या, दोन-दोन प्रती.