वाचकांचे प्रश्न : काकांच्या डब्यातील बेसबॉलची कार्डे

प्रश्न : माझे काका १९६० च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठात शिकायला गेले आणि बरीच वर्षे अमेरिकेत राहून अखेरीस दादरला परतले. त्यांच्या पश्चात बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात रबरबँड लावून ठेवलेली बेसबॉल खेळाडूंची कार्डे सापडली. बहुतेकांवर ‘टॉप्स’ असे नाव आहे. एक कार्ड मात्र इतरांपेक्षा लहान असून त्यावर नारिंगी पार्श्वभूमी आणि ‘वॅगनर’ हे नाव आहे. पुतण्या म्हणतो की असेच कार्ड परदेशात कोट्यवधी रुपयांना विकले गेले. घरात कोणालाच या खेळातले काही कळत नाही. काय करावे? — एक वाचक, हिंदू कॉलनी, दादर

उत्तर : आधी त्या लहान कार्डाविषयी सांगतो, कारण घरातली झोप त्यानेच उडवली असणार. पुतण्याचे म्हणणे खोटे नाही. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून जी कार्डे वाटली, त्यांना संग्राहक आज ‘टी-२०६’ म्हणतात. या मालिकेत पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) होनस वॅगनर याचे कार्ड फारच थोडे छापले गेले. आपले चित्र वापरायला त्याने हरकत घेतली, असे सांगतात. ती हरकत मुलांनी तंबाखूकडे वळू नये म्हणून होती, की मोबदला मिळत नव्हता म्हणून, यावर संग्राहकांचे अजून एकमत नाही. वॅगनर स्वतः तंबाखू चघळत असे, हे लक्षात घेता पहिले कारण मला तरी थोडे सोवळे वाटते. आज या कार्डाच्या पन्नास-साठ प्रतीच ज्ञात आहेत आणि त्यांतील एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरना विकली गेली.

आता दुसरी बाजू. याच कीर्तीमुळे वॅगनरच्या कार्डाच्या नकला गेली अनेक दशके उघडपणे छापल्या आणि विकल्या गेल्या आहेत, आणि १९६० नंतर अमेरिकेत राहिलेल्या माणसाच्या डब्यात मूळ प्रतीपेक्षा अशी नक्कल निघण्याची शक्यता कितीतरी पटींनी अधिक आहे. पारख घरच्या घरी बरीचशी करता येते. मूळ कार्ड सुमारे ३.७ सेंटिमीटर रुंद आणि ६.७ सेंटिमीटर उंच असते. घड्याळे दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसले भिंग घेऊन खाली छापलेले नाव पाहा : मूळ छपाईत अक्षरे सलग शाईची असतात, तर छायाचित्रावरून केलेल्या नकलेत तीच अक्षरे बारीक ठिपक्यांची बनलेली दिसतात. शेवटी नोटा तपासण्याचा जांभळा दिवा एखाद्या ओळखीच्या दुकानातून मागून आणा आणि अंधारात कार्डावर धरा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने मिसळण्याची पद्धत १९४० च्या दशकाच्या अखेरीनंतर रूढ झाली, त्यामुळे कागद निळसर उजळला तर ते कार्ड वॅगनरच्या काळातले नाही, एवढे निश्चित. मात्र न उजळलेले कार्ड अस्सलच असते, असा उलटा निष्कर्ष काढू नये.

मला स्वतःला अधिक मोलाची वाटतात ती ‘टॉप्स’ची, म्हणजे त्या काळी च्युइंगगमसोबत कार्डे विकणाऱ्या अमेरिकी कंपनीची कार्डे, कारण काकांनी ती जपून ठेवली त्यामागे काही कारण असणार आणि ते शोधता येण्याजोगे आहे. पायरेट्स संघाचे जुने मैदान, फोर्ब्ज फील्ड, पिट्सबर्ग विद्यापीठाला अगदी लागून होते. १९६० च्या १३ ऑक्टोबरला बिल मॅझेरोस्कीने तिथेच शेवटच्या सामन्यातील शेवटच्या डावात होम रन मारून न्यूयॉर्क यांकीज संघाचा १०-९ असा पराभव केला आणि जागतिक मालिका (‘वर्ल्ड सिरीज’, म्हणजे अमेरिकी बेसबॉलमधील विजेतेपदाची मालिका) पायरेट्सला जिंकून दिली. पुढे मैदान पाडले गेले तरी त्याच्या भिंतीचा एक भाग विद्यापीठाच्या परिसरात अजून उभा आहे. तेव्हा प्रथम मॅझेरोस्की आणि रॉबेर्तो क्लेमेन्ते ही दोन नावे डब्यात शोधा.

क्लेमेन्ते हा पोर्तो रिकोचा. १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षे तो पायरेट्सकडूनच खेळला आणि त्याच्या नावावर बरोबर ३,००० यशस्वी फटके आहेत, एक कमी नाही की एक जास्त नाही. तीन हजारावा फटका त्याने १९७२ च्या सप्टेंबरअखेर मारला. त्याच वर्षी डिसेंबरात निकाराग्वात मोठा भूकंप झाला, तेव्हा मदतीचे सामान योग्य हाती पडावे म्हणून तो स्वतः विमानातून निघाला, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री ते विमान समुद्रात कोसळले. बेसबॉलच्या सन्मान-दालनात खेळाडूला घेण्यापूर्वी निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबण्याचा नियम आहे. त्याच्यासाठी तो बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला स्थान देण्यात आले. कार्डांपुरती एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्याचे नाव रॉबेर्तो असूनही ‘टॉप्स’ने १९५७ पासून १९६९ पर्यंत कार्डावर ‘बॉब क्लेमेन्ते’ असे छापले; ते त्याला आवडत नसे, आणि १९७० च्या कार्डावर त्याचे खरे नाव परत आले. तुमच्या डब्यात यांतील कोणते नाव निघते ते अवश्य कळवा.

कार्ड कोणत्या वर्षाचे, हे ओळखायला मागची बाजू वाचावी. खेळाडूच्या कामगिरीच्या तक्त्यात जे शेवटचे वर्ष असेल, त्याच्या पुढच्या वर्षी ते कार्ड निघाले असे सर्वसाधारणपणे समजावे. १९५७ पासून ‘टॉप्स’ने अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच हा आकार कायम ठेवला, त्यामुळे साधी मोजपट्टी लावली तरी कडा छाटलेले कार्ड लक्षात येते. कडा छाटल्या की कोपरे नवे दिसतात, म्हणून ही लबाडी फार होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातली आणि त्यानंतरच्या काही वर्षांतली कार्डे निघाली तर मोठी आशा ठेवू नका, कारण तोवर गुंतवणूक म्हणून कार्डे घेणाऱ्यांची झुंबड उडाली होती आणि कंपन्यांनी ती बेसुमार छापली.

किमतीविषयी एवढेच सांगतो की दुर्मिळता आणि किंमत यांचे नाते लोक समजतात तितके सरळ नाही. १९५२ ची ‘टॉप्स’ची मालिका ४०७ कार्डांची होती. तिच्या शेवटच्या भागातील कार्डे हंगाम सरत आल्यावर बाजारात आली आणि खपली नाहीत. ती मालिका रचणारे साय बर्गर यांनीच पुढे सांगितले की १९६० साली उरलेला माल त्यांनी बोटीवर लादून अटलांटिक महासागरात टाकून दिला. त्या भागातील ३११ क्रमांकाचे, यांकीज संघाच्या मिकी मँटलचे कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना गेले. गंमत अशी की मँटलचे कार्ड छपाईच्या तावावर दोनदा घेतले होते, म्हणजे त्याच भागातील बहुतेक कार्डांपेक्षा ते संख्येने अधिक आहे. त्याच्या शेजारचे ३१२ क्रमांकाचे, तसेच दोनदा छापलेले कार्ड जॅकी रॉबिन्सनचे आहे, आणि त्याला मँटलच्या किमतीच्या जवळपासही कोणी जात नाही.

प्रश्न : कार्डे मुंबईच्या हवेत कशी टिकवावीत? लॅमिनेशन करून घेतले तर चालेल का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : कृपया करू नका. रेशनकार्डापासून दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत सर्व काही लॅमिनेट करण्याची आपल्याला हौस आहे, पण उष्णतेने चिकटवलेले ते प्लॅस्टिक कार्डापासून पुन्हा सुखरूप सुटत नाही आणि संग्राहकाच्या लेखी कार्ड तिथेच संपते. रबरबँडही आजच काढा, कारण तो कडांवर खाचा पाडतो आणि वितळून चिकटतो. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे अल्बम टाळावेत; पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत एकेक कार्ड घालून ती पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात उभी ठेवावीत. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते आणि बुरशीला तेवढे पुरते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या. रंग बदलणारे खडे घेतले तर ते निळ्याचे गुलाबी झाल्यावर तापवून पुन्हा वापरता येतात. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, कारण ओल तिथूनच येते. डांबराच्या गोळ्यांनी कसर पळते हे खरे, परंतु त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते, म्हणून त्या कार्डांच्या डब्यात घालू नयेत. बुरशी धरलेले कार्ड ओल्या फडक्याने पुसू नये; कोरड्या दिवशी, घराबाहेर, मऊ ब्रशने हलकेच झटकावे. जुन्या कार्डावर तेलकट डाग दिसला तर तो बहुधा पाकिटातील च्युइंगगमचा असतो. तो तसाच राहू द्यावा.

आणि चिकटवही नको. टी-२०६ हे नाव ज्यांच्या सूचीमुळे रूढ झाले, त्या जेफरसन बर्डिक यांनी आपला तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि संधिवाताने आखडलेल्या बोटांनी, वर्षानुवर्षे तिथे बसून, तो स्वतः वह्यांत चिकटवला. त्या चिकाटीला नमस्कारच केला पाहिजे, पण आज कोणीही तसे करणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आपल्या विजय मर्चंट आणि विनू मांकड यांची नावे मुलांना ठाऊक नसताना, कुठल्या तरी परदेशी खेळाडूंची कार्डे जमवण्यात काय अर्थ आहे? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : सर, आपल्या रागातला अर्धा भाग मला मान्य आहे. मांकड यांनी लॉर्ड्सवर एकाच कसोटीत ७२ आणि १८४ धावा काढून एका डावात ५ बळी घेतले, तेही १९५२ सालीच, म्हणजे मँटलचे ते कार्ड निघाले त्याच वर्षी. मर्चंट यांची प्रथम श्रेणीतील ७१.६४ ही सरासरी ब्रॅडमनखालोखाल दुसऱ्या क्रमांकाची आहे. इंग्लंडात जॉन प्लेअर कंपनीने १९३४ आणि १९३८ मध्ये सिगारेटच्या पाकिटांतून क्रिकेटपटूंची पन्नास-पन्नास कार्डे दिली. आपल्याकडे मात्र ही पद्धत रुजली नाही. पुढे ‘बिग फन’ च्युइंगगमने काही वर्षे मुलांना वेड लावले, इतकेच. त्याआधीच्या पिढीने वर्तमानपत्रांतली कात्रणे वहीत लावून आठवणी जपल्या. अशी वही आपल्याकडे किंवा आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे असेल तर तीही संग्रहच आहे.

उरलेल्या अर्ध्या भागाशी मात्र मी सहमत नाही. कोणाचे कार्ड निघाले आणि कोणाचे निघाले नाही, यावरून त्या समाजाने कोणाला खेळू दिले हे कळते, आणि तो हिशेब मुंबईच्या वाचकाला अनोळखी वाटू नये. जॅकी रॉबिन्सन १९४७ च्या १५ एप्रिलला ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, तोपर्यंत कित्येक दशके अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. जॉश गिब्सन हा त्यांच्या स्वतंत्र स्पर्धांतला अफाट फलंदाज होता, तोही पिट्सबर्गच्याच मैदानांवर नावारूपाला आला, आणि रॉबिन्सनच्या त्या दिवसाच्या तीन महिने आधी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारला. वॅगनर सिगारेटच्या पाकिटातून थोड्या घरांत तरी पोहोचला, गिब्सन हयातीत कोणत्याही पाकिटातून पोहोचला नाही. २०२४ साली त्या स्वतंत्र स्पर्धांची आकडेवारी अधिकृत नोंदींत घेतली गेली, तेव्हा ०.३७२ या सरासरीने (म्हणजे फटक्याच्या दर हजार संधींत ३७२ यशस्वी फटके) गिब्सन टाय कॉब याला मागे टाकून सर्वकालीन यादीत पहिला आला. आपल्याकडे दलित समाजातील गोलंदाज पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, मिळाले. वर्गात गिब्सनची गोष्ट सांगितली तर बाळूंची सांगायला वेगळे निमित्त शोधावे लागणार नाही.

प्रश्न : कार्डांचे प्रमाणीकरण अमेरिकेत पाठवून करून घ्यावे का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : सर्वांचे नव्हे. पीएसए, एसजीसी यांसारख्या कंपन्या अस्सलपणा तपासून १ ते १० असा दर्जा देतात आणि कार्ड कडक प्लॅस्टिकच्या कवचात बंद करतात. शुल्क, विमा, टपाल आणि परतीच्या वेळचे सीमाशुल्क धरले तर साध्या कार्डाच्या किमतीपेक्षा खर्चच अधिक होतो. १९७० पूर्वीचे, नामवंत खेळाडूचे, कोपरे शाबूत असलेले आणि मापात पूर्ण भरणारे एखादे कार्ड असेल तरच विचार करावा, आणि पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवावीत. चोरबाजारात किंवा फोर्टच्या नाणी-तिकिटांच्या दुकानांत किंमत विचारायला हरकत नाही. तिथल्या जाणकारांचा हात नाणी आणि तिकिटांवर बसलेला असतो, बेसबॉलवर नव्हे, म्हणून पहिल्या आकड्यावर कार्ड सोडू नये.