टॅक्सी परवान्यांची संख्या मर्यादित ठेवल्याने चालकाचा फायदा का होत नाही?

शहराने टॅक्सी परवान्यांची संख्या गोठवली की चालकांची कमाई सुधारायला हवी, मग चालक ओढाताणीतच का राहतो, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते याचे कारण असे की, चालक कितीही मिळतात, दुर्मीळ असतो तो परवाना. त्यामुळे मर्यादेतून निर्माण होणारी जादा कमाई गाडी चालवणाऱ्याच्या हाती न उरता परवान्याच्या किमतीत मुरते.

न्यूयॉर्कचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. मंदीच्या काळात बेकार माणसे मोठ्या संख्येने टॅक्सी चालवू लागल्यावर तेथे १९३७ मध्ये कायद्याने परवान्यांवर मर्यादा घालण्यात आली. गाडीच्या बॉनेटवर लावलेला धातूचा बिल्ला, म्हणजेच मेडॅलियन, हा तो परवाना. त्याचे मूळ शुल्क अवघे १० डॉलर होते. पुढे काही दशके, १९९६ पर्यंत, बिल्ल्यांची संख्या ११,७८७ वरच राहिली. बिल्ला विकता येत असल्याने त्याचा भाव चढत गेला आणि २०१४ च्या सुमारास तो १० लाख डॉलरच्या घरात पोहोचला.

हा भाव कसा ठरतो, हे साध्या हिशेबाने पाहता येते. समजा, सर्व खर्च आणि चालकाचा मोबदला वजा जाता एका बिल्ल्यामागे वर्षाला ५० हजार डॉलर उरतात आणि गुंतवणूकदाराला ५ टक्के परतावा पुरेसा वाटतो. तर तो त्या बिल्ल्यासाठी १० लाख डॉलर मोजायला तयार होईल. धोका वाढल्यामुळे त्याला १० टक्के परतावा हवासा वाटू लागला, तर उत्पन्न तेवढेच राहूनही किंमत निम्म्यावर येते. थोडक्यात, प्रवाशाने अनेक वर्षे द्यायचे जादा भाडे आजच एकरकमी विकले जात असते.

आता चालकाच्या बाजूने पाहू. ज्याच्याकडे बिल्ला नाही, तो १२ तासांच्या पाळीसाठी गाडी आणि बिल्ला भाड्याने घेतो. त्या भाड्यापोटी शंभर डॉलरहून अधिक रक्कम आणि इंधनाचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. पाळीचे पहिले काही तास ही रक्कम भरून काढण्यातच संपतात आणि त्या दिवशी गिऱ्हाईक मिळो वा न मिळो, भाडे कमी होत नाही. ज्याने कर्ज काढून स्वतःचा बिल्ला घेतला, त्याची स्थितीही फारशी वेगळी नसते, कारण पाळीच्या भाड्याऐवजी तो व्याज भरत असतो. खरी कमाई झाली ती ज्यांना बिल्ला स्वस्तात मिळाला त्यांची. नंतरच्या प्रत्येकाने त्या लाभाची पुरेपूर किंमत आधीच मोजलेली असते. गॉर्डन टलक या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये नेमका हाच सापळा मांडला होता: मर्यादा ठेवून आजच्या धारकाला विशेष काही मिळत नाही, पण ती उठवली तर तो बुडतो.

न्यूयॉर्कमध्ये मर्यादा न उठवताही तसेच घडले. २०११ पासून ॲपवरून बोलावायच्या गाड्या आल्या, बिल्ल्याचा भाव काही वर्षांतच २ लाख डॉलरच्याही खाली घसरला आणि कर्ज मात्र जुन्या भावाचेच राहिले. अखेर २०२१ मध्ये चालकांच्या उपोषणानंतर अनेक चालकांचे कर्ज प्रत्येकी १,७०,००० डॉलरपर्यंत खाली आणून त्यास शहराने हमी देण्याची तडजोड झाली.

याचा अर्थ कोणतेच नियमन नको, असा मी लावत नाही. रस्त्यात हात दाखवून गाडी थांबवणारा प्रवासी चार ठिकाणी भाव विचारू शकत नाही, म्हणून दरनियंत्रण समर्थनीय ठरते. रिकाम्या फिरणाऱ्या गाड्यांनी होणारी कोंडीही खरीच आहे. परंतु लंडनच्या काळ्या टॅक्सींवर संख्येची मर्यादा नाही. तेथे शहरातील रस्त्यांच्या ज्ञानाची अत्यंत कठीण परीक्षा आहे. तीही प्रवेशातील अडचणच म्हणायची, मात्र मिळवलेले ज्ञान दुसऱ्याला विकता येत नाही. संख्या मर्यादित ठेवायचीच असेल, तर परवाना ठरावीक मुदतीचा व अहस्तांतरणीय असावा आणि त्याचे शुल्क दरवर्षी शहराने घ्यावे, म्हणजे टंचाईचे मोल निदान सार्वजनिक तिजोरीत तरी जमा होईल.