खालचे दोन किलोमीटर वगळू नकोस

प्रश्न: मी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी जीपीएस रेडिओ ऑकल्टेशनच्या (जीपीएसचे संकेत वातावरणातून जाताना किती वाकतात हे दुसऱ्या उपग्रहावर टिपून हवा मोजण्याची पद्धत) नोंदी हवामान फुग्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. वर छान जुळतं, पण खालच्या दोन किलोमीटरमध्ये ऑकल्टेशनची अपवर्तकतेची (हवा किरणाला किती वाकवते त्याच्या मापाची) मूल्यं सतत कमी येतात. तेवढा भाग वगळून प्रकल्प संपव, असा सल्ला मिळाला. मला मात्र या त्रुटींवरच काम करावंसं वाटतं. घरचे विचारतात, चुका मोजणं हे काय करिअर झालं?

उत्तर: वगळू नकोस. तुझ्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, आणि घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच दडलेलं आहे.

हवामान अंदाजाच्या मॉडेलमध्ये कुठलीही नोंद एकटी जात नाही. तिची त्रुटी किती धरायची हेही सोबत सांगावं लागतं, आणि त्या त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात तिला वजन मिळतं. त्रुटी निम्मी धरली की वजन चौपट. ती खऱ्यापेक्षा कमी सांगितली तर मॉडेल खोट्या चढउतारांमागे जातं. जास्त सांगितली तर चांगली नोंद वाया जाते. ऑकल्टेशनच्या बाबतीत जबाबदारी आणखी वाढते. इतर बऱ्याच उपग्रह-उपकरणांचा एकतर्फी कल मॉडेल चालता चालता दुरुस्त करतं. ऑकल्टेशन मुळात घड्याळावर आधारलेलं मोजमाप असल्यामुळे ते सहसा अशा दुरुस्तीशिवाय घेतात आणि बाकीच्यांची दुरुस्ती त्याच्या आधाराने ताळ्यावर राहते. म्हणून त्याचा स्वतःचा कल कुठे सुरू होतो, हे कुणीतरी नेमकं सांगायलाच हवं.

आता तुझा फरक बघू. अपवर्तकता = ७७.६ × दाब ÷ तापमान + ३,७३,००० × बाष्पदाब ÷ तापमानाचा वर्ग. दाब हेक्टोपास्कलमध्ये, तापमान केल्विनमध्ये. उष्ण, दमट हवेसाठी दाब १०००, तापमान ३००, बाष्पदाब ३० धर. कोरडा भाग येतो सुमारे २५९, बाष्पाचा १२४. म्हणजे अपवर्तकतेत १ टक्क्याची घट ही जवळजवळ १ हेक्टोपास्कल बाष्प कमी दाखवण्यासारखी आहे. वीस किलोमीटरवर बाष्प नगण्य असतं, त्यामुळे वर सगळं जुळतं.

खाली मूल्यं कमीच का येतात, जास्त का नाही? अपवर्तकता दर किलोमीटरला १५७ एककांपेक्षा वेगाने घटली की किरण पृथ्वीच्या वक्रतेपेक्षा जास्त वाकतो आणि त्या थरात अडकतो. वळणकोनातून (किरण एकूण किती वळला त्या कोनातून) अपवर्तकता काढताना मग एकच उत्तर राहत नाही, आणि त्यासाठीची नेहमीची गणिती रीत, आबेल पद्धत, त्यांतलं सर्वांत कमी उत्तर देते. उपोष्ण समुद्रांवर, सीमास्तराच्या (जमिनीला किंवा समुद्राला लागून असलेल्या हवेच्या थराच्या) माथ्यावर, हे वारंवार घडतं. याशिवाय दमट हवेत एकाच वेळी अनेक वाटांनी आलेले क्षीण संकेत उपग्रहावरच्या रिसीव्हरच्या हातून निसटतात, त्यानेही मूल्यं खाली ओढली जातात. ही त्रुटी कितीही नोंदींची सरासरी घेतली तरी विरत नाही.

म्हणून नोंदी समुद्र-जमीन आणि अक्षांशांनुसार वेगळ्या कर. फुग्याच्या नोंदींत १५७ ची मर्यादा ओलांडणारे दिवस शोध. त्यासाठी दर काही सेकंदांची मूळ नोंद घे. ठरावीक दाबपातळ्यांच्या तक्त्यात तो पातळ थर पुसला जातो. प्रत्येक उंचीवर किती नोंदी उरल्या याचा आलेख शेजारी लाव. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या नोंदींत कोरड्या दिवसांचा भरणा असू शकतो, आणि मग तू त्रुटी मोजत नसून निवड मोजत असतेस. तीनशे किलोमीटर आणि तीन तासांच्या आतल्या जोड्या घेतल्या असशील, तर दोन्ही ठिकाणच्या मॉडेल-मूल्यांतला फरक वजा कर, नाहीतर हवेतला खरा फरक त्रुटीत मोजला जाईल.

फुगाही निर्दोष नसतो, हे लक्षात ठेव. इथे थ्री कॉर्नर्ड हॅट पद्धत कामी येते: तीन स्रोतांच्या आपसांतल्या फरकांवरून प्रत्येकाची त्रुटी वेगळी काढायची. समज, एका उंचीवर फरकांचं प्रसरण (व्हेरियन्स) असं आलं: ऑकल्टेशन-फुगा ५, ऑकल्टेशन-मॉडेल ३, फुगा-मॉडेल ४. ऑकल्टेशनच्या त्रुटीचं प्रसरण (५ + ३ − ४) ÷ २ = २. त्याच रीतीने फुग्याचं ३, मॉडेलचं १. हिशेब सोपा आहे, पण तिघांच्या त्रुटी एकमेकींपासून स्वतंत्र असल्या तरच तो खरा. मॉडेलने त्याच नोंदी आधी पचवल्या असतील तर ते स्वच्छ दिसतं. म्हणून विश्लेषणाऐवजी (नोंदी मिसळून मॉडेलने काढलेल्या स्थितीऐवजी) आधीच्या वेळेचा अंदाज घे. नोंदी कमी असल्या तर प्रसरण ऋणही येतं, तेव्हा आकडा झाकू नकोस. आणि एकतर्फी कल या पद्धतीत दिसतच नाही. तो वेगळा मांडावा लागतो.

या कामाला डेटा असिमिलेशनच्या (नोंदी मॉडेलमध्ये मिसळण्याच्या) गटांत जागा आहेत, उपग्रह संस्थांत आहेत, आणि आता नोंदी विकणाऱ्या खासगी कंपन्यांतही. अमेरिकेची हवामान-सागर संस्था नोआ २०२० पासून अंदाजासाठी अशा नोंदी विकत घेते; विकत घेणाऱ्याला त्रुटी तपासणारा माणूस लागतोच. जागा थोड्या असतात आणि संशोधनाच्या पदांसाठी बहुधा पीएचडी लागते, हे घरी आधीच सांग. रेषीय बीजगणित पक्कं कर, विशेषतः सहप्रसरण (कोव्हेरियन्स) मॅट्रिक्स, कारण शेजारच्या उंचींवरच्या त्रुटी एकमेकींशी बांधलेल्या असतात. पायथन येत असेलच. मॉडेलचा बराच कोड फोरट्रानमध्ये असतो, तोही वाचता यायला हवा. कॉस्मिक या ऑकल्टेशन उपग्रहांच्या नोंदी आणि ईआरए५ हा जुन्या हवामानाचा मॉडेल-संच मोफत मिळतात, रॉप (ROPP) हे ऑकल्टेशनच्या नोंदींवर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअरही मिळतं.

पीएचडीसाठी लिहिशील तेव्हा अर्जाला एकच पान जोड: उंचीनुसार कल, प्रसरण आणि उरलेल्या नोंदींची संख्या, समुद्र आणि जमीन वेगवेगळी.